पाठ्यपुस्तकातले अडथळे गोव्यात नाहीत, मग घोडं कुठे अडलंय?

टीचर_डिचोली

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यात उच्च माध्यमिकला अर्थशास्त्र शिकवते. विकसनशील देशांच्या प्रगतीतले अडथळे हा भाग आला की आम्ही शिक्षक ठरलेली यादी सांगतो: भांडवल कमी, लोकसंख्या जास्त, निरक्षरता, जुनाट तंत्र, शेतीवरचा भार. यंदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "टीचर, यातलं गोव्यात काय आहे? मग आमचं का अडलंय?"

मी घरी येऊन तिचा प्रश्न मांडून पाहिला. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता जवळजवळ ८९ टक्के. जननदर १.३, म्हणजे एका बाईमागे सरासरी एवढीच मुलं, तेव्हा लोकसंख्यावाढीचं कारण बाद. दरडोई उत्पन्नात आपण देशात अगदी वरच्या राज्यांत. जमिनीखाली लोहखनिज, मुरगावसारखं नैसर्गिक बंदर, बारमाही पर्यटक. एवढं असून बेकारीचा दर मात्र देशाच्या सरासरीहून कितीतरी वर. माझ्याकडून शिकून गेलेली, पदवी घेतलेली मुलं आमदाराच्या दारात बायोडाटा घेऊन उभी असतात. सरकारी नोकरी लावतो म्हणून पैसे उकळल्याची प्रकरणं २०२४ मध्ये पोलिसांपर्यंत गेली, ती सगळ्यांनी वाचलीच असतील.

"भ्रष्टाचार" एवढं एका शब्दाचं उत्तर कृपया देऊ नका. ते मुलांना आधीच पाठ आहे, आणि त्याने त्यांना काहीच समजत नाही. नेमकं काय, कुठे आणि कसं अडतं, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. मला ते वर्गात सांगायचं आहे.

वाळपई_ते_पणजी

टीचर, माझ्या मते पहिलं कारण पक्षांतर. २०१७ ला काँग्रेसचे १७ निवडून आले, भाजपचे १३. सरकार १३ वाल्यांचं झालं. १० जुलै २०१९ ला काँग्रेसच्या उरलेल्या १५ पैकी १० जण एका दिवसात भाजपमध्ये गेले. २०२२ च्या निवडणुकीत त्यांतल्या बऱ्याच जणांना लोकांनी घरी बसवलं. त्यानंतर सहा महिने होतात न होतात, १४ सप्टेंबरला काँग्रेसच्या नव्या ११ पैकी ८ गेले.

आणि मगोचं, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, आठवा. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचा पक्ष, ज्यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या. मार्च २०१९ मध्ये तीन आमदार उरले होते, त्यांतले दोघे मध्यरात्री भाजपमध्ये विलीन झाले. तिघांतले दोघे म्हणजे बरोब्बर दोन तृतीयांश, पक्षांतरबंदी कायद्याला पुरेसे. २००३ ला ९१ वी घटनादुरुस्ती करून एक तृतीयांशाची फूट बंद केली, विलीनीकरणाची वाट तेवढी ठेवली. मोठ्या राज्यात दोन तृतीयांश जमवायला पन्नास-साठ माणसं लागतात. आमच्याकडे दोन पुरतात. माझ्या मताची किंमत निकालाच्या रात्रीपर्यंतच टिकते, याची मला खरोखर चीड येते.

निवृत्त_कारकून

टीचर, तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. मी मामलेदार (तहसीलदार) कचेरीत होतो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कुठला तालुका ते लिहीत नाही. माझी सगळी नोकरी एका गोष्टीच्या शेजारी बसून गेली, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यातच दिसतं. ती गोष्ट म्हणजे प्रलंबित प्रकरण.

आपल्याकडे कायदे चांगले होतात. हक्क मिळतो, राजपत्रात छापून येतो. मग तो हक्क माणसाच्या हातात पडायच्या आधी कुठेतरी थांबतो आणि थांबूनच राहतो. लोक याला सरकारी आळस म्हणतात. मी आतून पाहिलंय, आळशी माणसं थोडी होती. प्रकरण थांबलेलं असणं कुणाच्या तरी फायद्याचं असतं.

मुंडकाराचंच उदाहरण घेतो. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत त्याच्या परवानगीने घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारं कुटुंब म्हणजे मुंडकार. पूर्वी भाटकाराने ऊठ म्हटलं की उठावं लागे. १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा झाला. घर आणि त्याभोवतीची जागा, गावात तीनशे चौरस मीटरपर्यंत, विकत घ्यायचा हक्क मिळाला. देशात फार थोड्या ठिकाणी असा कायदा असेल. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

आता तो चालतो कसा ते पाहा. मुंडकार अर्ज करतो. भाटकाराला नोटीस निघते. भाटकार वारलेला असतो, वारस सातआठ. आपल्या नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायको मालमत्तेचे निम्मेनिम्मे धनी, म्हणून प्रत्येक वारसाच्या जोडीदारालाही नोटीस. एक जण मुंबईत, एक लिस्बनला, एकाचा पत्ताच कुणाला ठाऊक नाही. नोटीस परत येते, मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. तेवढ्यात एक वारस मरतो, त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे. पुन्हा नोटिसा.

हे सगळं पार पडून सुनावणी लागली की साहेब जागेवर नाहीत. कारण या खटल्यांचा न्यायाधीश तोच मामलेदार, आणि निवडणुकीचं काम त्याच्याकडे, मोर्चा आला तर तो हजर, मंत्र्याचा दौरा असला तर तो हजर, पूर आला तर पंचनाम्याला तोच, रोजचे दाखलेही त्याच्याच सहीचे. दौऱ्याला कुणी उशीर केला तर जाब विचारतात. मुंडकाराची तारीख पुढे गेली तर कुणी विचारत नाही. साहेब प्रकरणात रुळतात तोवर बदली. नवे साहेब म्हणतात, युक्तिवाद पुन्हा ऐकू. आजोबाने लावलेली केस नातू चालवतोय असं मी माझ्या टेबलावर पाहिलंय, आणि ते कुटुंब काही वेगळं नव्हतं.

या मधल्या काळात त्या घराचं काय होतं? घर आहे, पण कागद नाही. बँक तारण धरत नाही. मुलाला वर्कशॉप घालायचं तर कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून धंदा नाही, धंदा नाही म्हणून सरकारी नोकरी हवी. पावसाआधी छप्पर बदलायचं तर भाटकाराची हरकत, विजेच्या जोडणीला ना-हरकत दाखला. मग बिचारा आमदाराकडे जातो. आमदार फोन करतो. त्या फोनने छपराची परवानगी मिळते, वीज मिळते. खटला होता तिथेच राहतो. पुढल्या वर्षी दुसरं काही अडतं, पुन्हा तोच दरवाजा. ज्या दिवशी त्याच्या हातात मालकीचा कागद पडेल त्या दिवशी तो या दरवाज्यात यायचा बंद होईल. हे त्याला समजत नसलं तरी आमदाराला नीट समजतं.

गोव्यात हे जास्त घट्ट बसतं, कारण आपण लहान आहोत. मतदार अकरा-साडेअकरा लाख, मतदारसंघ चाळीस. एका आमदाराच्या वाट्याला तीस हजारही मतं येत नाहीत, आणि निकाल कधी कधी शंभर-दोनशे मतांवर फिरतो. त्याला घर न्‌ घर माहीत असतं. एरवी हे लोकशाहीचं वरदान ठरलं असतं. आमच्याकडे कुणाची फाइल कुठल्या टेबलावर आहे हे माहीत असण्यासाठी ते वापरलं गेलं.

वाळपईच्या भावाने पक्षांतराचं लिहिलं ते खरं, पण ते एक पायरी पुढचं आहे. विरोधात बसलेल्या आमदाराचा फोन कचेरीत कोण उचलतो? ज्या आमदाराचं सगळं वजन असे फोन करण्यात आहे, त्याला सत्तेबाहेर पाच वर्षं बसणं परवडत नाही. कायद्याने हक्काचे दाखले वेळेवर मिळाले असते तर विरोधी आमदारही सन्मानाने विधानसभेत बसून प्रश्न विचारू शकला असता.

आणि पक्षांतराविरुद्धचा अर्जसुद्धा प्रलंबितच राहतो बरं का. २०१९ च्या त्या दहा जणांवरच्या अपात्रता याचिकेवर सभापतींचा निर्णय आला एप्रिल २०२१ मध्ये, निवडणूक वर्षावर येऊन ठेपल्यावर. सभापती सत्ताधारी पक्षातूनच येतात आणि राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, त्यांना मुदत घातलेली नाही. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली काढावेत. तेव्हा आपल्याकडची याचिका पडून होती.

कुडचडेचो_ट्रकवालो

काका, तुमचं सगळं पटलं, पण खाणीचा विषय तुम्ही टाळला. सगळ्यात मोठा अडथळा तोच ना? मी टिपर घेतला तेव्हा रस्त्यावर ट्रकांची रांग होती, गॅरेजवाला, टायरवाला, चहावाला, सगळे त्या रांगेवर जगत होते. सप्टेंबर २०१२ ला बंद. मग थोडं सुरू झालं, मार्च २०१८ ला पुन्हा बंद. आमच्या गावात कितीतरी टिपर आवारात गंजले. बँकेचा हप्ता मात्र गंजत नाही. पर्यावरणवाले कोर्टात गेले, कोर्टाने एका निकालाने हजारो घरं बसवली. लीज कायदेशीर आहे की नाही हे पाहायचं काम माझं होतं का? मी भरलं तेवढं वाहिलं, घामाचे पैसे घेतले. देशाची प्रगती कोर्टं आणि अर्ज करणारे अडवतात, असं मला तरी वाटतं.

निवृत्त_कारकून

भाऊ, तुमचा गुन्हा काही नाही, आणि सगळ्यात जास्त भोगलं ते तुमच्यासारख्यांनी. खाण बंद झाल्यावर लीजवाल्यांची घरं बसली नाहीत. पण कोर्टापर्यंत प्रकरण गेलं कसं तेही पाहा, कारण तिथेही हीच गोष्ट आहे.

पोर्तुगिजांनी खाणी कायमच्या सनदेवर दिल्या होत्या. १९८७ च्या कायद्याने त्या सनदा रद्द करून त्यांचे पट्टे, म्हणजे लीज, केले. त्या पट्ट्यांची नूतनीकरणासह मुदत संपली २२ नोव्हेंबर २००७ ला. ही तारीख सरकारला वीस वर्षं आधीपासून माहीत होती. मुदत संपण्याआधी पुढे कुणाला, किती दराने, कुठल्या अटींवर द्यायच्या हे ठरवायला हवं होतं. लीजवाल्यांनी दुसऱ्या नूतनीकरणाचे अर्ज केले आणि सरकारने ते प्रलंबित ठेवले. अर्ज प्रलंबित आहे तोवर लीज चालू समजायची, असं धरून खाणी पुढे चालल्या.

हा काळ कुठला ते आठवा. बीजिंग ऑलिम्पिक, चीनची पोलादाची भूक. चांगल्या खनिजाचा भाव २००८ मध्ये टनाला शंभर डॉलरच्या वर गेला. ऑगस्ट २००९ पर्यंत सरकारला रॉयल्टी मिळत होती टनामागे ठरावीक दराने, खनिजाच्या दर्जाप्रमाणे, तीस रुपयांच्याही आत. भाव कितीही चढो, रॉयल्टी तेवढीच. नंतर ती भावाच्या दहा टक्के झाली. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. लोकांच्या मालकीची ही संपत्ती, एकदा गेली की परत न येणारी, आणि ती गेली कुठल्या आधारावर? निकाल न दिलेल्या अर्जाच्या आधारावर. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने नुकसान सुमारे ३५ हजार कोटींचं धरलं. या आकड्यावर वाद झाले, पण लीज संपलेल्या होत्या यावर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ ला शिक्कामोर्तब केलं.

त्या निकालाने खाणी कायमच्या बंद केल्या नव्हत्या, हेही लक्षात घ्या. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाकायला सांगितली. तेव्हा तरी लिलाव करून, अटी घालून काम सुरू करता आलं असतं. केंद्राने १२ जानेवारी २०१५ ला लिलाव सक्तीचा करणारा वटहुकूम काढला. आणि आपल्या सरकारने काय केलं? त्याच्या आधीच्या आठवड्यांत जुन्याच मंडळींना धडाधड नूतनीकरणं देऊन टाकली. जी सात-सात वर्षं प्रलंबित होती ती एकाएकी निकाली निघाली. तेच ८८ पट्टे न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द केले आणि १६ मार्चपासून तुमचा टिपर उभा राहिला. लिलाव सुरू झाले ते डिसेंबर २०२२ मध्ये. लिलाव २००७ ला झाले असते तर तुमचा हप्ता चुकला असता का?

बोट्स्वाना नावाचा आफ्रिकेतला देश १९६६ ला स्वतंत्र झाला, तेव्हा जगातल्या अगदी गरीब देशांत होता. पुढच्याच वर्षी तिथे हिरे सापडले. त्यांनी हिऱ्यांची मालकी देशाची ठरवली, परदेशी कंपनीबरोबर निम्म्या भागीदारीची कंपनी केली आणि पैसा रस्ते, शाळा, दवाखान्यांकडे वळवला. त्यांच्याही अडचणी आहेत, बेकारी आहे. पण हिरे कुणाचे हा प्रश्न त्यांनी सुरुवातीलाच निकालात काढला. आपण साठ वर्षं तोच सोडवत बसलोय.

टीचर_डिचोली

काका, तुम्ही आणि कुडचडेच्या दादांनी जे लिहिलंत ते मी छापून घेतेय. एक शंका आहे. गोव्याचं हे उत्तर सगळ्या देशाला लागू होतं का? झारखंड-बिहारच्या मुलीने विचारलं तर तिला मी प्रलंबित प्रकरणांबद्दल काय सांगू? तिच्या गावी शाळेत शिक्षकच नाही.

निवृत्त_कारकून

बरोबर आहे, तिच्याकडचे अडथळे जास्त आहेत आणि ते तुमच्या पुस्तकातलेच आहेत. गोव्याचा उपयोग एवढाच, की इथे ते बाकीचे अडथळे दूर झाले तरी हा एक उरतो हे दिसतं. पैसा आणि शिक्षण आलं की राज्यकारभार आपोआप सुधारेल असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याकडे पाहावं.

देशभर पाहिलं तरी हीच रीत दिसेल. लोकपालाचं विधेयक पहिल्यांदा १९६८ ला आलं, कायदा झाला २०१३ ला, पहिले लोकपाल बसले २०१९ ला. महिला आरक्षणाचं विधेयक १९९६ ला मांडलं, मंजूर झालं २०२३ ला, आणि तेही पुढल्या जनगणनेला आणि मतदारसंघ फेररचनेला बांधून ठेवलं. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, म्हणून स्वस्त धान्याच्या लाभार्थ्यांचा हिशेब २०११ च्याच माणसांवर बेतला गेला. मध्ये वाढलेली माणसं जेवत नाहीत का? न्यायालयांतले खटले पाच कोटींच्या घरात. महिला आरक्षण सोडलं तर यातल्या कुठल्याही गोष्टीला फारसा कुणी उघड विरोध केला नव्हता. विरोध करायची गरजच पडत नाही.

मुदत घातली की काय होतं याचं उदाहरणही आहे. २००५ चा माहिती अधिकार. तीस दिवसांत उत्तर, नाही दिलं तर अधिकाऱ्याच्या पगारातून दिवसाला अडीचशे रुपये दंड, पंचवीस हजारांपर्यंत. माझ्या कचेरीत ज्या कपाटाला कुणी हात लावत नव्हतं ते त्या कायद्याने उघडलं. लोक कारकुनाला घाबरायचे, ते बंद झालं, आणि मला ते फार बरं वाटलं. त्याच कायद्यात माहिती आयोगाकडच्या दुसऱ्या अपिलाला मात्र मुदत ठेवलेली नाही. ढीग नेमका तिथे साचला. एकाच कायद्याचे दोन भाग, एकात घड्याळ अधिकाऱ्याच्या मागे लागलेलं, दुसऱ्यात नागरिकाच्या. मुलांना हे दोन भाग शेजारी ठेवून दाखवा.

वाळपई_ते_पणजी

काका, मुंडकार खटल्यांचे वर्षवार आकडे कुठे मिळतील? म्हणजे किती साली लावलेली केस अजून चालू आहे असे?

टीचर_डिचोली

मीही तेच विचारणार होते. मुलांना घेऊन हाच प्रकल्प करता येईल असं वाटतंय.

निवृत्त_कारकून

जरूर करा. बाराही तालुक्यांच्या मामलेदार कचेऱ्यांतल्या जन माहिती अधिकाऱ्यांना वेगवेगळा अर्ज घाला. एकच अर्ज वर पाठवलात तर तो खाली फिरत राहील. अर्ज तुमच्या नावाने करा, मुलांच्या नको. फी दहा रुपये.

"मुंडकार खटल्यांची माहिती द्या" असं मोघम लिहू नका, माहिती संकलित स्वरूपात नाही असं उत्तर येईल. नोंदवहीची प्रत मागा. मुंडकार खटल्यांची नोंदवही प्रत्येक कचेरीत असते, तिच्यात केस लावल्याची तारीख, आजची स्थिती आणि निकालाची तारीख असते. तिची पानं तपासायला मिळावीत असंही अर्जात लिहा, म्हणजे तुम्ही स्वतः जाऊन पाहू शकाल. पक्षकारांची नावं नकोत असं स्पष्ट लिहिलंत तर खासगीपणाचं कारण पुढे करता येणार नाही. जोडीला गेल्या दहा वर्षांत त्या कचेरीत किती मामलेदार आले आणि गेले, त्यांच्या तारखा मागा. दोन्ही यादी एकमेकींशेजारी ठेवल्या की मुलांना फार काही समजावून सांगावं लागणार नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढल्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. त्याचा मसुदा मी लिहून देतो. ज्या तालुक्याचं उत्तर येईल त्याचे आकडे इथे टाकत जा.

कुडचडेचो_ट्रकवालो

टीचर, केपे आणि सांगेचे अर्ज माझ्याकडे पाठवा. मी नेऊन देतो आणि पोच घेऊन येतो. माझ्या मावशीचीही मुंडकार केस तिथेच आहे, ती नोंदवहीत दिसते का तेही एकदा पाहू.